आमच्या भागात एखादा पक्षी खरंच दुर्मिळ आहे का, हे बघायचं कुठं? (धाराशिव जिल्हा, माळरान)

माळकरी_भूम

नमस्कार मंडळी. भूम तालुक्यात राहतो, पक्ष्यांचा नाद अलीकडंच लागलाय, कॅमेरा साधा झूमवाला आहे. गेल्या आठवड्यात पवनचक्क्यांच्या बाजूच्या माळावर तारेवर एक नीलपंख दिसला. पहिल्यांदा म्हणलं आपला चासच आहे (आपल्याकडचा नेहमीचा नीलपंख), आमच्याकडं त्याचं काही कौतुक नाही, पण ह्याची छाती तपकिरी नव्हती, डोक्यापासून पोटापर्यंत एकसारखा फिकट निळा, पाठ विटकरी, आणि उडाला तेव्हा पंखांचा मागचा भाग काळा दिसला, चासच्या पंखात ते गडद-फिकट निळे पट्टे असतात तसलं काही नाही. खाली नाकतोडा पकडून परत त्याच तारेवर येऊन बसला म्हणून फोटो तरी मिळाले.

फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले आणि तिथून डोक्याला ताप. एक जण म्हणे युरोपियन रोलर आहे, लय दुर्मिळ, मराठवाड्यातली पहिली नोंद, पेपरला द्या. दुसरा म्हणे कसला दुर्मिळ, आमच्याकडं दरवर्षी असतो. तिसऱ्यानं आययूसीएनचा (निसर्ग संवर्धनाची जागतिक संघटना) स्क्रीनशॉट पाठवला, 'चिंता नसलेली' जात, म्हणजे दुर्मिळ नाहीच, विषय संपला. चौथा विचारतो शेड्यूल वन (वन्यजीव कायद्याची पहिली अनुसूची) आहे का. आणि ईबर्डच्या (पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या) ॲपमध्ये नाव निवडलं तर पुढं लाल ठिपका येतोय. आता एका स्थानिक बातमीदाराचा फोन येऊन गेला, त्याला 'पहिली नोंद' असंच छापायचंय.

माझा प्रश्न ह्या एका पक्ष्यापुरता नाही. आपल्या जिल्ह्यात एखादी जात किती दुर्मिळ आहे हे आपलं आपल्याला शोधायचं असेल तर कुठं बघायचं, आणि जे दिसतं त्यावर कितपत भरवसा ठेवायचा?

टिटवी

फोटो बघितले. युरोपियन नीलपंखच आहे, जुन्या पुस्तकांत ह्यालाच काश्मिरी नीलपंख म्हणायचे. एक सांगते, ह्या दिवसांत बरेचदा पहिल्या वर्षाची पिल्लं जातात आणि त्यांच्या छातीवर मळकट तपकिरी झाक असते, रेघा पण असतात, त्यामुळे नुसत्या छातीवर जाऊ नका, उडताना पंख बघा. तुमचा तिसरा फोटो त्यासाठी उत्तम आहे, काळी उड्डाणपिसं स्वच्छ दिसतायत, तोच नोंदीला जोडा.

आता तुमचे ग्रुपवाले. चौघांनी चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत आणि प्रत्येकाला वाटतंय की वाद एकाच गोष्टीवर चाललाय. आययूसीएनची यादी म्हणजे जगात ही जात नामशेष होण्याचा धोका किती, त्यात तुमचा भूम तालुका कुठेच येत नाही. हाच युरोपियन नीलपंख २०१५ च्या आधी 'संकटसमीप' मध्ये होता, मग खाली आणला, म्हणून काही तुमच्या माळावरचे पक्षी एका रात्रीत वाढले नाहीत. शेड्यूल म्हणजे कायद्याचं संरक्षण. मोर पहिल्या अनुसूचीत आहे आणि मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा मोर दुर्मिळ का म्हणून, हरभऱ्याचं रान दाखवेल तुम्हाला. लाल ठिपक्याचं कोतवाल सांगतील, ते त्यातले आहेत.

आणि 'आमच्याकडं दरवर्षी असतो' म्हणणारे कुठले आहेत ते विचारा आधी. कच्छचे असतील तर बरोबर बोलतायत.

कोतवाल

टिटवीताईंनी ढकललंच आहे तर लिहितो, जरा लांबेल.

लाल ठिपका म्हणजे 'दुर्मिळ' असा शिक्का नाही. प्रत्येक भागासाठी स्वयंसेवक परीक्षकांनी एक चाळणी लावलेली असते, कुठल्या महिन्यात कुठली जात जास्तीत जास्त किती अपेक्षित आहे त्याची. तुम्ही त्याच्या बाहेरचं काही टाकलं की ॲप म्हणतं बाबा जरा तपशील दे. कधी पक्षी खरंच दुर्मिळ असतो, कधी महिना चुकीचा असतो, कधी आकडा मोठा असतो (साध्या भोरड्यांचा मोठा थवा टाकलात तरी विचारतील). आणि कधी चाळणीच अशा जिल्ह्यातली असते जिथून फारशा नोंदीच नाहीत, म्हणून ती जात चाळणीत कुणी घातलेलीच नसते. तुमच्या बाबतीत मला हे शेवटचं वाटतं.

आता बघायचं कसं. ईबर्डच्या वेबसाइटवर जा, मोबाईलच्या ॲपमध्ये नको, तिथं हे नीट दिसत नाही. 'एक्सप्लोर' मध्ये 'बार चार्ट्स' आहे. त्यात भारत, महाराष्ट्र, मग जिल्हा निवडा. धाराशिव नावानं नाही सापडला तर उस्मानाबाद टाकून बघा. वर्षाच्या प्रत्येक महिन्याचे चार तुकडे करून जातीसमोर हिरवी पट्टी दिसते. पट्टी जाड असेल तर त्या आठवड्यातल्या जास्त याद्यांत तो पक्षी आहे, बारीक असेल तर कमी. लोक इथं घोळ घालतात, ही जाडी म्हणजे पक्ष्यांची संख्या नाही. शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत ती जात आली, तेवढंच ते सांगतं. एका यादीत एक चास असो की दहा, मोजणी एकदाच.

पूर्ण यादी म्हणजे काय तेही सांगतो कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. यादी पाठवताना ॲप विचारतं की तुम्ही ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का. हो म्हणलात तर त्या यादीत जे नाही ते 'दिसलं नाही' असं धरता येतं. नुसता युरोपियन नीलपंख टाकून बाकी कावळे-चिमण्या-होले सोडून दिलेत तर ती नोंद चालते, पण टक्केवारीच्या कामाची नाही. त्यामुळे बाहेर पडलात की किमान १५ मिनिटं, जे दिसेल ऐकू येईल ते सगळं, साळुंकीसकट. दुर्मिळ काय हे कळायला सामान्य काय ते आधी लिहावं लागतं, आणि आपल्याकडं साळुंकी लिहायचा सगळ्यांना कंटाळा.

दुसरं, जातीचा नकाशा बघा. त्यात जांभळे चौकोन म्हणजे तिथं नोंद आहे, राखाडी म्हणजे लोक जाऊन आले, याद्या दिल्या, पण ही जात कुणाला मिळाली नाही. आणि ज्या चौकोनाला रंगच नाही तिथं कुणी गेलेलंच नाही. राखाडी आणि कोरा ह्यातला फरक ज्याला कळला त्याला निम्मं काम कळलं. नकाशावर महिन्यांची मर्यादा पण लावता येते, सप्टेंबर-ऑक्टोबर लावून बघा.

ही जात काश्मीर आणि मध्य आशियाकडं वीण करते आणि हिवाळ्याला आफ्रिकेत जाते. मधल्या वाटेत पाऊस संपता संपता गुजरात-राजस्थान आणि थोडंफार आपल्या माळांवर टेकते, नाकतोडे खाते आणि पुढं. लांब पल्ल्याची गाडी आहे, तुमचं गाव तिचं शेवटचं स्टेशन नाही. त्यामुळे वर्षभराच्या टक्केवारीत ती जवळजवळ शून्य दिसणार, बघायचे ते फक्त तेवढे आठवडे.

माळकरी_भूम

कोतवाल सर फार उपकार. बघितलं सगळं. बार चार्टमध्ये आमच्या जिल्ह्याला कितीतरी ठिकाणी पट्टीच नाही, माहिती अपुरी असं दाखवतंय, आणि ज्या काही पट्ट्या आहेत त्या हिवाळ्यात. नकाशात ऑक्टोबर लावला तर पुणे-सोलापूरच्या बाजूला रंग आहे आणि आमच्या तालुक्याच्या भोवती सगळं कोरं. राखाडी पण नाही. म्हणजे दुर्मिळ म्हणायचं का नाही, हे परत तिथंच आलं की.

गणिताचे_सर

परत तिथंच नाही आलं, आता निदान प्रश्न नीट मांडता येतो.

समजा (हे आकडे मनाचे आहेत, शिकवण्यापुरते) एका जिल्ह्यात ऑक्टोबरमध्ये १००० पूर्ण याद्या झाल्या आणि १० मध्ये हा पक्षी आला. एक टक्का. तुमच्या जिल्ह्यात १० याद्या झाल्या आणि एकात आला, ती तुमची. दहा टक्के. मग तुमच्याकडं तो दहापट जास्त आहे का? नाही, एक यादी इकडची तिकडं झाली की दहाचं शून्य होतं. असल्या टक्केवारीवर बातमी करायची नाही.

उलट बाजूनं एक सोपा आडाखा आहे, तो लक्षात ठेवा. एखादी जात तुमच्या 'न' याद्यांमध्ये ('न' म्हणजे याद्यांचा एकूण आकडा) एकदाही आली नाही, तर तिची खरी वारंवारता साधारण ३ भागिले 'न' इतकी असू शकते आणि तरीही तुम्हाला ती दिसली नसेल. म्हणजे ३० याद्या झाल्या आणि एकातही नाही, तर खरी वारंवारता १० टक्क्यांपर्यंत असण्याची शक्यता उरतेच. ३०० याद्यांत नसेल तर १ टक्क्यापर्यंत. हा ९५ टक्के खात्रीचा हिशोब आहे, त्यात याद्या वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या दिवशी झालेल्या पाहिजेत. एकाच तळ्यावर एकाच माणसानं ३०० वेळा जाऊन माळावरच्या पक्ष्याबद्दल काही सिद्ध होत नाही.

तर तुमच्या जिल्ह्याबद्दल आज प्रामाणिकपणे एवढंच म्हणता येतं की ऑक्टोबरमध्ये माळावर कुणी फारसं गेलेलं नाही.

टिटवी

सर, ह्यात अजून एक भर. आपल्याकडच्या याद्या वर्षभर सारख्या पडत नाहीत. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना, फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, कॉलेजची पोरं, थंडी, उजनीवरचे फ्लेमिंगो आणि पट्टकादंब, सगळी गर्दी तेव्हाच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवत कमरेएवढं, चिखल, साप, सुगीची गडबड, कोण जातंय. आणि वाटेवरचे प्रवासी पक्षी नेमके तेव्हाच जातात. म्हणजे पक्षी असताना माणूस नाही आणि माणूस असताना पक्षी नाही. भिगवणला एका सकाळी जेवढ्या याद्या होत असतील तेवढ्या तुमच्या माळावर वर्षात होत नसतील. पाणथळीवर डोळे जास्त, माळावर कमी, हे महाराष्ट्रभर आहे.

लावे, रातवे, तितर ह्यांचं तर विचारूच नका, दिसत नाहीत म्हणून दुर्मिळ. आवाज ओळखणारा एक माणूस तालुक्यात आला की लगेच 'सामान्य'.

खान्देशी_पाव्हणा

ह्या विषयावर आमच्या खान्देशाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वन पिंगळा. १८७३ मध्ये ह्यूम ह्या इंग्रज पक्षीतज्ज्ञानं त्याचं वर्णन केलं, १८८४ नंतर खात्रीचा नमुना कुणाला मिळाला नाही, लोक धरून चालले की संपला. मग १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट ह्या अमेरिकन पक्षी अभ्यासकांना शहाद्याजवळ दिसला, आणि तोही दिवसाढवळ्या, कारण हा पिंगळा दिवसा वावरतो. ११३ वर्षं!

पण खरी गंमत पुढं आहे. मध्ये १९१४ ची एक नोंद होती, मायनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची, गुजरातेतल्या मांडवीची. तो नमुना म्युझियममधून चोरलेला निघाला, जुन्या कातड्याला नवी चिठ्ठी लावलेली. त्या नोंदीवर भरवसा ठेवला की शोधणारा भलतीकडंच जातो. रासमुसेनबाईंनी ती खोटी नोंद बाजूला काढली आणि जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरल्या, तेव्हा सापडला. नंतर मेळघाटात मिळाला, यावलला मिळाला, पार ठाण्याच्या तानसापर्यंत मिळाला. तरीही तो दुर्मिळच आहे हां, संकटग्रस्त यादीत आहे, कुणी उलटा अर्थ काढू नका. पण एक चुकीची नोंद काय गोंधळ घालते ते बघा. म्हणून माळकरी दादा, परीक्षकानं तपशील विचारला तर राग मानू नका. फोटो जोडा, काय दिसलं ते स्वतःच्या शब्दांत लिहा, 'ॲपनं सांगितलं' असं लिहू नका.

जुनी_वही_नागपूर

सगळे ईबर्ड ईबर्ड करताय म्हणून थोडं कडू बोलतो. ईबर्ड सुरू झालं २००२ मध्ये, आणि आपल्याकडं लोक खऱ्या अर्थानं त्यात उतरले ते गेल्या दहा-बारा वर्षांत. त्याच्या आधीचं सगळं काय हवेत होतं? बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) जर्नल १८८६ पासून निघतंय. पश्चिम महाराष्ट्राच्या पक्ष्यांची आनंद प्रसाद ह्यांनी केलेली टिपणांसहित यादी २००३ ची आहे, जात, महिना, ठिकाण, जुने संदर्भ, सगळं तपासून. 'पहिली नोंद' हे दोन शब्द उच्चारायच्या आधी असल्या याद्या, 'इंडियन बर्ड्स' चे अंक, महाराष्ट्र पक्षिमित्र संमेलनांच्या स्मरणिका चाळाव्या लागतात. त्या सगळ्या नेटवर नसतात आणि ज्यांच्याकडं आहेत ते फोन केल्यावर आनंदानं बघून सांगतात, पण फोन करायला पाहिजे.

आणि मेंढपाळांना विचारलं का कुणी? आमच्या नशिबानं मी कितीतरी गोष्टी आधी धनगरांकडून ऐकल्या, कागदावर नंतर. ते पोपटी-निळं-विटकरी असं नाही सांगणार, ते सांगतील की पाऊस उघडला की तारेवर चासापेक्षा 'उजळ' पाखरू बसतं आणि दिवाळीला नसतं. त्याला पुरावा म्हणत नाही मी, पण कुठं आणि कधी जाऊन बघायचं ते त्यातून कळतं.

कोतवाल

जुनी वही, भांडण नाही, पटतंय. फक्त एवढंच की तुमच्या वह्यांत जे आहे ते ईबर्डवर टाकताही येतं. तारीख आणि ठिकाण असलं तरी पुरतं, वेळ-अंतर नसेल तर 'हिस्टॉरिकल' म्हणून टाका. नव्वदच्या दशकातल्या तुमच्या याद्या आल्या तर विदर्भातले बार चार्ट वेगळे दिसतील.

आणि हे का महत्त्वाचं ते एका उदाहरणानं. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' चा २०२३ चा अहवाल, ९४२ जातींचा आढावा, तो असल्याच याद्यांवर उभा आहे. त्यात दीर्घकालीन कल काढायला २००० च्या आधीची स्थिती धरलीय, म्हणजे जुन्या वह्याच. त्यात ३० टक्क्यांहून जास्त घट झालेल्या आणि आययूसीएननं फेरविचार करावा म्हणून सुचवलेल्या १४ जाती आहेत, आणि त्यातली एक जात माहितीय का? आपला रोजचा चास. ज्याचं माळकरी म्हणाले 'आमच्याकडं काही कौतुक नाही'. मोर उलट वाढलाय. जातीवार पानं आहेत त्यांच्या साइटवर, बघा सगळ्यांनी.

त्यामुळे 'किती दुर्मिळ' एवढंच विचारून भागत नाही, 'आधी किती होता' हेही लागतं. अजून भरपूर दिसणारा पक्षी घटत असू शकतो आणि क्वचित दिसणारा युगानुयुगं तेवढाच असू शकतो.

कॅमेरा_किंग_२२

लोकेशन द्या ना भाऊ, शनिवारी चौघं जण येतो गाडी घेऊन. मर्लिनवर (आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप) आमच्याकडं पण आवाज आला होता ह्याचा.

टिटवी

मर्लिनला आवाज येणं म्हणजे पक्षी असणं नव्हे, शेजारच्या दाराची कडी वाजली तरी तो काहीतरी नाव दाखवतो. आणि पक्षी वाटेवरचा आहे, शनिवारपर्यंत तारेवर बसून तुमची वाट बघणार नाही. माळ कुणाच्या तरी चराईचा असतो, गवत उभं आहे, गाड्या आत घालू नका. तुमच्या घराजवळच्या माळावर जा ना, तिथंही नकाशा कोराच असेल.

माळकरी_भूम

सगळ्यांचे आभार. पूर्ण यादी टाकली, होले, वेडे राघू, चंडोल, साळुंक्या, सगळ्यांसकट, तिसरा फोटो जोडला, परीक्षकांची मेल आली होती, तपशील पाठवला. आमच्या इथल्या एका धनगर काकांना फोटो दाखवला तर म्हणाले असतंय की, बाजरी निघायच्या टायमाला. किती वर्षांपासून विचारलं तर हसले नुसते.

बातमीदाराला सांगितलं की 'पहिली नोंद' काढा, 'ह्या दिवसांत ह्या वाटेनं जाणारा पाहुणा, जिल्ह्यात बघणारे कमी असल्यानं नोंदी कमी' असं लिहा. म्हणाला मग बातमी कशाची. बहुतेक नाही छापणार.

आता ठरवलंय की ऑक्टोबर संपेपर्यंत जमेल तसं वेगवेगळ्या माळांवर जाऊन याद्या करायच्या, वाशी आणि परंड्याच्या बाजूला पण. दिसो न दिसो. गणिताचे सर, निदान राखाडी तरी करू आमचे चौकोन.

गणिताचे_सर

करा. आणि दिसला नाही त्या दिवसाची यादी पण पाठवायची, लोक तीच गाळतात.

येडशीचा_बाळू

मी पण धाराशिव जिल्ह्यातलाच, इतके दिवस नुसता वाचत होतो. मागच्या वर्षी दसऱ्याच्या आसपास असाच एक कळंब रोडला तारेवर मिळालाय, फोटो आहे, पंख उघडलेला, खाली काळा. बाकी पक्षी लिहिलेले नाहीत त्या दिवशीचे. आता टाकता येईल का?

कोतवाल

येईल. फोटोच्या फाइलमध्ये तारीख-वेळ असते ती घ्या, जागा नकाशावर शक्य तितकी बरोबर लावा, प्रकार 'इन्सिडेंटल' निवडा आणि 'सगळे पक्षी नोंदवले का' ला नाही म्हणा. मूळ फोटो जोडा, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला नको.